शफी इनामदार : कोकणच्या घरातला, चार भाषांतला नट

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा मराठी एकांकिका बसवायचं ठरलं. आठवीतला एक हुशार मुलगा मात्र काही केल्या तयार होईना. उर्दू तो फार सुंदर वाचतो. कारण विचारलं तर म्हणाला, “सर, माझं मराठी ऐकून लोक हसतील. मराठी नाटकात आपले लोक कुठे असतात?”

मी फळ्यावर एक नाव लिहिलं: इनामदार. विचारलं, हा माणूस कोण असेल? अर्ध्या वर्गाने सांगितलं, “मराठी मानूस, सर.” बरोबरच होतं. फक्त त्याचं पहिलं नाव शफी होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

शफी इनामदार यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या पांगारीचा. म्हणजे कोकणी मुसलमान. इनामदार हे आडनाव आपल्याकडे ब्राह्मणात आहे, मराठ्यांत आहे आणि मुसलमानांतही आहे. ज्याच्या पूर्वजांना इनाम जमीन मिळाली तो इनामदार, मग त्याचा धर्म कोणता का असेना. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना आडनावांचा हा धडा मी मुद्दाम घेतो.

मुंबईत के. सी. कॉलेजात ते विज्ञान शिकले, पण जीव रमला रंगमंचावर. एकांकिकांतून त्यांची सुरुवात झाली, आणि त्या एकाच भाषेतल्या नव्हत्या. हिंदी, मराठी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषांत त्यांनी काम केलं, दिग्दर्शनही केलं. गुजराती रंगभूमीवरचे प्रवीण जोशी यांच्याकडे ते शिकले. पुढे इप्टाशी जोडले गेले आणि १९८२ मध्ये ‘हम प्रॉडक्शन’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली. घरात एक बोली, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, ही आपल्या मुलांची रोजची कसरत. आपण तिला अडचण समजतो. शफीभाईंनी तिचं भांडवल केलं.

१९८३ मध्ये गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला. मूळ कथा मराठीतली, श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यात इन्स्पेक्टर हैदर अली शफीभाईंनी उभा केला. नायकाचा वडीलधारा सहकारी, समंजस, व्यवहार ओळखणारा. हा पोलीस मुसलमान आहे याचं चित्रपटात भांडवल नाही आणि स्पष्टीकरणही नाही. तो आपला तिथे आहे आणि आपलं काम करतो आहे. आज पडद्यावर मुसलमान दिसला की तो एक तर संशयित असतो, नाही तर आपली देशभक्ती सिद्ध करत असतो. अशा वेळी हैदर अलीचं ते साधं असणं मला फार मोठं वाटतं.

१९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. शरद जोशींचं लेखन. कुंदन शाह दिग्दर्शकांपैकी एक. रणजीत वर्मा झालेले शफी इनामदार घराघरात पोचले. स्वरूप संपत त्यांची बायको, राकेश बेदी मेहुणा, आणि सतीश शाह दर भागात नव्या रूपात. बाकी सगळे धमाल करायचे. शफीभाई मात्र गंभीर चेहऱ्याने वैतागायचे, आणि हसू तिथेच फुटायचं.

माझी स्वतःची आठवण १९८८ ची, गुलजार यांच्या ‘मिर्झा गालिब’ची. मोहल्ल्यात मोजकेच टीव्ही होते. आम्ही पोरं शेजारच्या चाचांच्या अंगणात दाटीने बसायचो. शफीभाई त्यात उस्ताद जौक होते, बादशहा जफरचे गुरू आणि गालिबचे प्रतिस्पर्धी. जफर झाले होते सुधीर दळवी. मोठा झाल्यावर लक्षात आलं, की दिल्लीच्या लाल किल्ल्यातला हा उस्ताद आणि त्याचा बादशहा शागिर्द, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे नट होते! उर्दूचा तलफ्फुज एका धर्माची मिरास नाही, तसा मराठीचा उच्चारही नाही.

त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे. पुलंच्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा त्यांनी अमर केली. ‘जाने भी दो यारो’तली शोभा सेनही त्याच. रंगभूमीवरच्या या दोन मोठ्या माणसांनी संसार मांडला. आज अशा लग्नाचं नाव काढताच लोक आवाज चढवतात. मी एवढंच म्हणेन, की त्या दोघांची ओळख त्यांच्या कामाने झाली आणि कामानेच टिकली.

१९९५ मध्ये शफीभाईंनी ‘हम दोनों’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर त्यात होते. पुढच्याच वर्षी, १३ मार्च १९९६ ला, विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना पाहत असताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं पन्नास. त्या रात्री ईडन गार्डनवरच्या पराभवाने देश हळहळत होता. त्या गलक्यात ही बातमी विरून गेली. १२ फेब्रुवारी २००१ ला भक्तीताईही मोटार अपघातात गेल्या.

आमचा भंडारा झाडीपट्टीतला. दिवाळीनंतर मंडई भरली की गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. इथे ‘ण’चा ‘न’ सगळेच करतात, त्यात हिंदू-मुसलमान नाही. घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातले लोकही असतातच. समोर बसायला संकोच नाही, तर वर चढायला का असावा? आपल्यातले काही बुजुर्ग नाटक म्हटलं की नाक मुरडतात. त्यांचा आदर राखून मी म्हणतो, पोराला चार माणसांसमोर नीट उभं राहून बोलता येणं ही तालीमच आहे.

हे सगळं वर्गात सांगून झालं. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत आला आणि म्हणाला, “सर, पोलिसाचं काम आहे का त्या एकांकिकेत?”

नव्हतं. मी लिहायला घेतलं आहे.