एक रस्ता, दोन अंमल

वेंगुर्ल्याजवळच्या आरवली गावी श्रीदेव वेतोबाच्या देवळात भाविकांनी वाहिलेल्या चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा ज्यांनी पाहिल्या नाहीत असे वाचक या पृष्ठांना थोडेच लाभले असतील. देव रात्री गावची सीमा फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नवा जोड वाहावयाचा, अशी तेथील श्रद्धा. गोमंतकातही गावोगावच्या राखणदाराची हीच कथा. किनाऱ्यावरच्या लहान गावाला पोलिसांचे ठाणे मिळाले ते फार उशिरा; रात्रीची गस्त मात्र अशी पूर्वापार चालू आहे. या श्रद्धेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राखणदार सबंध गावाचा असतो. वाड्यावाड्यांत मानपानावरून कितीही बेबनाव असो, गावकऱ्यांचे दोन तट पडोत, अमुक वाड्यावर आपण जाणार नाही असे वेतोबा म्हणत नाही.

माणसांच्या गस्तीला ही सोय नसते. गस्त घालणारा शिपाई कोणाचा तरी चाकर असतो आणि त्याच्या धन्याची हद्द जेथे संपते तेथे त्याची काठीही थबकते. ती हद्द डोंगराच्या कण्यावर किंवा नदीच्या पात्रात असली तर फारसे बिघडत नाही. परंतु ती भर बाजारपेठेच्या रस्त्यातून गेली तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. माळव्यातील देवास नगरीत, आपल्याच मराठी पवारांच्या राज्यात, शंभर वर्षांहून अधिक काळ हे प्रत्यक्ष घडत होते.

देवासकडे जाण्यापूर्वी मराठी अंमलातील कोतवालीचे स्वरूप थोडे पाहिले पाहिजे. कोतवाल म्हटला की आपल्यापुढे चोर पकडणारा अधिकारी उभा राहतो. पेशवाईतील पुण्याचा कोतवाल चोर पकडीत असे हे खरे, पण त्याचा दिवस इतर कामांतच जाई. बाजारभावावर नजर ठेवणे, वजने-मापे तपासणे, घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवणे, गल्लीबोळ आणि घरांच्या भिंती यांवरून होणारे तंटे तोडणे, शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची दाद ठेवणे, खानेसुमारी करणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. आज जी कामे नगरपालिका, दुय्यम निबंधक, वजनमापे खाते आणि पोलीस ठाणे यांच्यात वाटली गेली आहेत ती एकाच चावडीवर चालत. १७७७ पासून १७९१ पर्यंत हा अधिकार घाशीराम सावळदासाकडे होता. त्याचा शेवट सर्वश्रुत आहे, त्याची पुनरुक्ती नको. त्या गाजलेल्या प्रकरणामुळे पुण्याच्या कोतवालीची नित्याची शिस्त मात्र लोकांच्या विस्मृतीत गेली. पेशव्यांच्या चाकरीत असलेला टोन नावाचा आयरिश अधिकारी लिहून गेला आहे, की रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला गस्तवाले सकाळपर्यंत अटकावून ठेवीत, आणि एकदा खुद्द पेशव्यांनाही अवेळी बाहेर पडल्याबद्दल रात्रभर असे राहावे लागले होते. गोष्ट अक्षरशः खरी असो वा थोडी फुगवलेली. परक्या माणसाच्या कानी ती आली आणि त्याला ती सांगण्याजोगी वाटली, एवढ्यावरूनही त्या गस्तीचा दरारा समजतो.

मराठी फौजा उत्तरेकडे गेल्या तेव्हा राज्यकारभाराची ही घडी त्यांच्याबरोबर गेली. धारचे पवार आणि देवासचे पवार हे एकाच घराण्यातले. थोरल्या बाजीरावांबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंना १७२८ च्या सुमारास तेथे मुलूख मिळाला. भावाभावांनी तो वाटून घेतला. तुकोजींच्या वंशजांची ती थोरली पाती, जिवाजींच्या वंशजांची धाकटी पाती. येथवर नवल काही नाही. इनाम असो, वतन असो की देवळाची पाळी असो, आपल्याकडे वाटणी ठरलेलीच. परंतु या वाटणीत एकाने उत्तरेकडचा आणि दुसऱ्याने दक्षिणेकडचा मुलूख घेतला, असे झाले नाही. मुलूख एकमेकांत गुंतलेलाच राहिला. परगणे सामाईक आणि राजधानीचे गावही एकच, देवास. १८१८ साली कंपनी सरकारशी तह झाला तोही दोन्ही पात्यांचा मिळून एक. १८४१ नंतर मात्र प्रत्येक पाती आपापल्या वाट्यापुरती स्वतंत्र संस्थान म्हणून वागू लागली आणि खरा घोटाळा तेथून सुरू झाला.

देवास शहर एका सुळक्यासारख्या टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. टेकडीवर देवीची दोन स्थाने आहेत, एक तुळजाभवानीचे व एक चामुंडेचे. लोक त्यांना मोठी माता व छोटी माता म्हणतात. मुंबईहून आग्र्याला जाणारा राजरस्ता गावातूनच जाई. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे १५ हजार भरली; म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बंदराच्या गावाएवढेच ते गाव. थोरल्या पातीचे क्षेत्र ४४६ चौरस मैल, धाकटीचे ४४०. वस्ती अनुक्रमे ६२,३१२ आणि ५४,९०४. तराजूच्या दोन पारड्यांइतकी ही वाटणी समान होती. आणि या शहराच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका संस्थानात, तर दुसरी बाजू दुसऱ्या संस्थानात मोडत होती. दोन्ही बाजूंचा कारभार निराळा, पाण्याची व्यवस्था निराळी, दिवाबत्तीही निराळी.

वाचकांनी क्षणभर या रस्त्यावर उभे राहून पाहावे. एका बाजूच्या दुकानदाराने ओट्यापुढे पडवी काढली आणि रस्ता अडवला, तर तक्रार त्याच्या राजाच्या कचेरीत. समोरच्या दुकानदाराने तेच केले तर कचेरी दुसरी, कारकून दुसरा, कदाचित नियमही दुसरा. पावसाळ्यात गटार तुंबले तर पाणी कोणत्या हद्दीतले हे पाण्याला ठाऊक नसते. तिन्हीसांजेला एका अंगाचे कंदील लागावेत आणि दुसऱ्या अंगाला अंधार राहावा, यात कोणाचाच गुन्हा नाही. पण वाटसरूला ठेच मात्र रस्त्यातच लागावयाची. आणि चोरी झाली तर? कायद्याच्या भाषेत चोर रस्ता ओलांडताच परराज्यात गेला. एका संस्थानाच्या शिपायाने दुसऱ्या संस्थानात शिरून माणूस धरणे म्हणजे आगळीक. त्यासाठी दरबाराने दरबाराला लिहावयाचे, आणि वाद वाढला तर पोलिटिकल एजंटापुढे जावयाचे. वीस पावलांच्या अंतरासाठी केवढा हा द्राविडी प्राणायाम! घरोब्याचे शिपाई एकमेकांना खूण करून काम उरकीत असतील, अशी माझी समजूत आहे. तसे नसते तर गाव चाललेच नसते. पण असे काम दप्तरात नोंदवले जात नाही, आणि जे नोंदवता येत नाही त्याचा जाब कोणाला विचारताही येत नाही.

नाण्यांचीही हीच तऱ्हा. १८८८ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत देवाससाठी तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, आणि मागे देवास संस्थानाचे नाव. मात्र थोरल्या पातीची नाणी वेगळी, धाकटीची वेगळी, हे कळावे म्हणून इंग्रजी आद्याक्षरे घातलेली. आकार एक, छाप एक, धातू एक. भेद तेवढा दोन अक्षरांचा. जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या हाती ही अजूनही येतात.

जे देवासचे तेच सारंगपूरचे. काळीसिंध नदीच्या काठचे, बाजबहादुर व रूपमती यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले हे गाव आज राजगढ जिल्ह्यात आहे. त्या काळी तेथेही दोन्ही पात्यांचा वाटा होता. तेही आग्र्याच्या राजरस्त्यावरच. माळव्याच्या रस्त्यांवरील ठगांचा आणि दरोडेखोरांचा उपद्रव ज्यांनी वाचला आहे त्यांना, तुटक हद्दींचा फायदा कोणाला होतो, हे निराळे सांगावयास नको. इंग्रजांनी ठगी-डकैती खाते उभारले त्यामागे हीच अडचण होती: गुन्हेगार दहा संस्थानांतून फिरतो आणि शिपाई एकाच संस्थानात. आमच्या किनाऱ्यावरही हद्दीचे खेळ झालेच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोवा आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामधली जकातीची नाकी काही वर्षे उठली आणि त्याच्या बदल्यात गोमंतकाच्या मिठागरांवर इंग्रजांची देखरेख बसली; १८९२ साली करार संपताच नाकी पुन्हा उभी राहिली. पण तेथील सीमा घाटात आणि खाडीकाठी होती, कोणाच्या उंबऱ्यापुढे नव्हती.

देवासच्या या दुहेरी राज्याची परदेशी लोकांनी पुष्कळ थट्टा केली आहे. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार प्रथम १९१२-१३ च्या प्रवासात देवासला आला आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. तेथून घरी लिहिलेली पत्रे त्याने १९५३ साली पुस्तकरूपाने छापली. नाव टेकडीवरूनच घेतले, ‘द हिल ऑफ देवी’. महाराजांविषयी त्याच्या मनात खरा जिव्हाळा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन फौजा हा प्रकार त्याला मुख्यत्वे विनोदी वाटला. मला वाटते, येथे त्याच्या नजरेतून काही निसटले.

कारण सामाईक सत्ता ही आपल्याला थट्टेची गोष्ट कधीच नव्हती. १६ सप्टेंबर १५२६ रोजी पोर्तुगीजांनी गोवा बेटातील गावकऱ्यांच्या रूढींची जी सनद लिहून काढली ती याच तत्त्वाची साक्ष आहे. गाव कोणा एकाचे नाही, गावकऱ्यांच्या सबंध मंडळाचे; जमीन, बांध, मानस, खर्च, सर्व बैठकीत ठरावयाचे; आणि त्या बैठकीत विडा कोणाला आधी द्यावयाचा याचाही क्रम लावलेला. मानपानावर इतकी शाई परकीयांनी खर्च केली ती उगाच नव्हे. क्रम ठरलेला असला की भांडण बैठकीत होते; तो ठरलेला नसला की ते रस्त्यावर येते. देवस्थानांच्या कारभारातही महाजनांचे वांगड, त्यांच्या पाळ्या, उत्सवाचे मान वाटलेले असतात, पण देवाचा गाभारा वाटलेला नसतो. गोमंतकातील माझानियांसाठी १९३३ साली जे नियम झाले, त्यांनीही महाजनांची सभा एकच धरली व तिच्यावर तालुक्याच्या प्रशासकाची देखरेख ठेवली. त्या देखरेखीबद्दल महाजनांच्या तक्रारी कमी नाहीत आणि त्यांतल्या बऱ्याच न्याय्यही आहेत. तरी एका देवळाच्या दोन सभा करा असे त्या नियमांनी कधी म्हटले नाही.

देवासात नेमके हेच घडले. दोन वाटेकरी असणे हा दोष नव्हता. त्यांची एकत्र बैठक मोडली, हा दोष होता. १८४१ नंतर प्रत्येकाने आपला वाटा म्हणजे आपले राज्य असे मानले, आणि वरच्या सरकारलाही तेच सोयीचे होते; दोन स्वतंत्र दरबार एकमेकांविरुद्ध अर्ज करू लागले की निवाडा करणारा आपोआप मोठा होतो. राजेलोकांची त्यात मानहानी झाली असेल, तर त्यांच्या तोफांच्या सलामीने तिची भरपाईही झाली. दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांचा मान होता. भरपाई झाली नाही ती रस्त्यावरच्या दुकानदाराची. गटार, कंदील, नळ आणि गस्त या चार गोष्टी पेठेला एकत्रच लागतात, आणि त्याच तेवढ्या एकत्र नव्हत्या.

ब्रिटिशांची सत्ता गेली तेव्हा दोन्ही पात्यांची राज्येही फार काळ उरली नाहीत. थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव १९४७ साली दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेले व शहाजी छत्रपती झाले. १९४८ च्या मे महिन्यात मध्य भारत संघ अस्तित्वात आला, दोन्ही देवास संस्थाने त्यात विलीन झाली, आणि १९५६ साली तो प्रदेश मध्य प्रदेशात गेला. सारंगपूर राजगढ जिल्ह्यात पडले. पवारांच्या माळव्यात खेड्याचा चौकीदार आज कोटवार या नावाने ओळखला जातो आणि १९५९ च्या जमीन महसूल संहितेत त्याला स्थान आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील राहिला. कोतवालाचे जुने नाव असे एका प्रांतात खेड्यात उतरले, दुसऱ्या प्रांतात महसुलाच्या चावडीत.

देवासच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजू एका अंमलाखाली आल्या त्याच १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीसाठी कोरडी हवा शोधीत तेथे राहावयास आले आणि टेकडीच्या पायथ्याशी कायमचे स्थायिक झाले. त्यांच्या दारावरून देवीच्या दर्शनाला जाणारी माणसे माळव्याची लोकगीते गात जात. ती माणसे पूर्वीच्या कोणत्या पातीतली, हे ओळखण्याची काही खूण त्या गाण्यांत नव्हती.