पाहुण्याचे रक्षक आणि आपला रस्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाविद्यालयात मी बरीच वर्षे युरोपचा इतिहास शिकवला. १९६८ सालच्या विद्यार्थी चळवळींचा भाग आला की, 'आदल्या वर्षी बर्लिनमध्ये इराणच्या शहांच्या भेटीच्या वेळी दंगल झाली, तीत एक विद्यार्थी मारला गेला,' असे एक वाक्य सांगून मी पुढे जात असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, दंगल सुरू कुणी केली?" मला उत्तर देता आले नाही. 'उद्या सांगतो,' म्हणालो आणि त्या रात्री पुस्तके काढून बसलो. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे जरा लांबलेले उत्तर आहे.

२ जून १९६७. शहा मोहम्मद रझा पहलवी आणि राणी फराह पश्चिम बर्लिनच्या भेटीवर आले होते. १९५३ साली इराणमधले मोसादेक यांचे सरकार अमेरिका आणि ब्रिटनच्या मदतीने उलथवले गेले, तेव्हापासून शहांची सत्ता पक्की झाली होती. त्यांच्या 'सावाक' या गुप्त पोलीस यंत्रणेची दहशत परदेशात शिकणाऱ्या इराणी मुलांनाही ठाऊक होती. ही मुले आणि त्यांचे जर्मन मित्र शोनेबर्गच्या नगरभवनासमोर फलक घेऊन जमले. चार वर्षांपूर्वी अध्यक्ष केनेडींनी याच इमारतीसमोर स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे गाजलेले भाषण केले होते. पश्चिम बर्लिन म्हणजे मोकळ्या जगाची खिडकी, असा त्या शहराचा लौकिक होता.

पोलिसांनी लावलेल्या अडथळ्यांच्या पलीकडे निदर्शक होते. अलीकडे, मोकळ्या जागेत, शहांचा जयजयकार करणारा एक इराणी गट उभा होता. त्यात सावाकची माणसे होती. शहा आत गेले आणि या मंडळींनी हातातल्या फलकांच्या लाकडी दांड्यांनी निदर्शकांना झोडपायला सुरुवात केली. कुणाची डोकी फुटली, कुणाचे चष्मे. जर्मन पोलीस काही मिनिटे नुसते बघत राहिले. पुढे सरसावले तेही मार खाणाऱ्यांवरच. कुंपणाने शेत खावे म्हणतात, ते असे. जर्मन भाषेत या गटाला उपहासाने 'जयजयकारी पर्शियन' हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे.

संध्याकाळी शहा ऑपेरागृहात मोझार्टची 'जादूची बासरी' ऐकायला गेले. बाहेर पुन्हा गर्दी जमली. अंडी, टोमॅटो, रंगाच्या पिशव्या फेकल्या गेल्या, हे लपवण्याचे कारण नाही. पण शहा सुखरूप आत पोचले आणि लोक पांगायला लागले, तेव्हा खरा लाठीमार सुरू झाला. पोलीसप्रमुखांनी या डावपेचाला सॉसेजची उपमा दिली होती: मधोमध दाबायचे, म्हणजे दोन्ही टोकांकडून बाहेर येते. निदर्शकांनी एका पोलिसाला भोसकून मारले, अशी खोटी बातमीही ध्वनिक्षेपकावरून दिली गेली. जवळच्या एका इमारतीच्या आवारात बेनो ओनेसोर्ग या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याला साध्या वेशातल्या एका पोलिसाने डोक्यात मागून गोळी घातली. बेनो भाषेचा विद्यार्थी. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, पत्नी गरोदर.

महापौर हाइनरिश आल्बर्ट्‌स यांनी सुरुवातीला सगळा दोष निदर्शकांवर टाकला. मूळचे ते धर्मोपदेशक. पुढे त्यांना आपली चूक उमगली, त्यांनी ती उघडपणे कबूल केली आणि सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. गोळी झाडणारा कार्ल-हाइन्झ कुरास हा पोलीस मात्र १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७० मध्ये निर्दोष सुटला. २००९ साली जुनी कागदपत्रे उघडली, तेव्हा हा गृहस्थ पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याचा खबरी होता असे निघाले. ही गोळी त्या खात्याच्या हुकमाने झाडल्याचा पुरावा मात्र सापडलेला नाही.

या दिवसाची किंमत फार मोठी होती. शांतपणे रस्त्यावर उभे राहून काही होत नाही, असा समज काही तरुणांच्या मनात घर करून बसला. १९७२ मध्ये एका सशस्त्र गटाने '२ जून' ही तारीखच आपले नाव म्हणून घेतली. १९७५ मध्ये या गटाने बर्लिनमधल्या एका राजकीय नेत्याचे अपहरण केले. या हिंसेचे समर्थन कुणी करू नये. पण निषेधाचा सरळ रस्ता बंद केला की आडवाटा तयार होतात, हेही विसरू नये.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. १६ मे २०१७, वॉशिंग्टन. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान आपल्या राजदूतांच्या निवासस्थानी आले होते. समोरच्या चौकात पदपथावर काही निदर्शक उभे होते. मध्ये पोलिसांची रांग होती. ती ओलांडून अध्यक्षांचे सुरक्षारक्षक आणि काही समर्थक निदर्शकांवर तुटून पडले. खाली पडलेल्यांना बुटांनी लाथा मारल्या. बर्लिनपेक्षा इथे दोन गोष्टी वेगळ्या घडल्या. पोलिसांनी मध्ये पडून मारहाण थांबवण्याचा प्रयत्न केला आणि सगळा प्रकार कॅमेऱ्यात उतरला.

जूनमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३९७ विरुद्ध शून्य मतांनी निषेधाचा ठराव केला. पंधरा रक्षकांसह एकोणीस जणांवर आरोप ठेवले गेले. पण रक्षक मायदेशी परतले होते आणि पुढच्या काही महिन्यांत अकरा रक्षकांवरचे आरोप मागेही घेतले गेले. शिक्षा झाली ती अमेरिकेतच राहणाऱ्या दोन समर्थकांना, एक वर्ष आणि एक दिवस. मग जखमींनी थेट तुर्कस्तानवर नुकसानभरपाईचा दावा लावला. परक्या राष्ट्राला आमच्या न्यायालयात खेचता येत नाही, हा तुर्कस्तानचा बचाव. न्यायालयाने २०२० मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तर्क साधा होता. अध्यक्षांचे रक्षण करणे हा रक्षकांचा अधिकार खरा, पण पदपथावर उभ्या असलेल्या, कुणालाही धोका नसलेल्या माणसाला तुडवणे हे रक्षणात बसत नाही.

राजनैतिक संबंधांविषयीचा १९६१ चा व्हिएन्ना करारही तेच सुचवतो. पाहुण्या अधिकाऱ्यांना अटकेपासून संरक्षण आहे, पण त्याच कराराचे ४१ वे कलम सांगते की यजमान देशाचे कायदे पाळणे हे त्यांचे कर्तव्य आहे. संरक्षण म्हणजे मुभा नव्हे.

आपल्याकडेही हा प्रश्न दारापर्यंत आला होता. १७ एप्रिल २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकची ज्योत दिल्लीत आली. ज्योतीबरोबर निळ्या पोशाखातले चिनी रक्षक धावत होते. राजपथावरचा मार्ग आखूड केला गेला, हजारो पोलीस लावले गेले आणि सामान्य माणसाला ज्योत दिसलीसुद्धा नाही. पण त्याच दिवशी तिबेटी निर्वासितांनी राजघाटापासून जंतरमंतरपर्यंत आपली वेगळी मशाल नेली. ती शांतपणे पोचली. त्याच महिन्यात ज्योत कॅनबेराला गेली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी आधीच बजावले होते की बंदोबस्त आमचे पोलीस करतील, चिनी रक्षक नव्हेत.

मला वाटते, सगळ्या गोष्टीचे सार या बजावण्यात आहे. पाहुण्याच्या रक्षकाला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे त्याचा धनी. त्याला तेच शिकवलेले असते. यजमानाच्या पोलिसाला दोन गोष्टी दिसायला हव्यात: पाहुणा आणि पाहुण्याला नको असलेला माणूस. ही दुसरी जबाबदारी पाहुण्यावर सोपवता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. २१ व्या कलमाने जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण मात्र प्रत्येक व्यक्तीला दिले आहे, मग ती निर्वासित का असेना. आपण पाहुण्याला देव मानतो, ते चांगलेच आहे. पण देवाच्या पालखीपुढचे भालदार गावकऱ्यांना मारू लागले, तर त्यांचा हात गावानेच धरायचा असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उत्तर दिले. म्हटले, "पहिली काठी पाहुण्यांच्या माणसांनी उचलली. पण दंगल झाली, ती यजमान गप्प उभे राहिले म्हणून." तिने ते वहीत लिहून घेतले. मीही माझ्या जुन्या टिपणातला 'दंगल झाली' हा शब्दप्रयोग खोडला आणि त्या जागी बेनो ओनेसोर्गचे नाव लिहिले.