पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचीं उदाहरणें

खानदेशांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण हें गांव आहे. तेथील देवीच्या देवळांतील एक शिलालेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला आणि इ. स. १२०७ मध्यें निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें, असें तो लेख सांगतो.

ग्रंथ हातीं असतां त्यांच्यासाठीं निराळा मठ कशास हवा होता? सूत्रें श्लोकबद्ध होतीं. तीं घरीं बसून पाठ करतां आलीं असतीं. या शंकेचें उत्तर त्या ग्रंथांतील उदाहरणांतच सांपडतें.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, म्हणजे ११५० मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. बीजगणितांत जी राशि ठाऊक नाहीं तिला ‘यावत्तावत्’ म्हणावयाचें. एकाहून अधिक अज्ञात राशि असल्या तर काळा, निळा, पिवळा अशा रंगांचीं नांवें त्यांना द्यावयाचीं आणि आद्याक्षरें मांडून समीकरण करावयाचें. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीति होती. एवढी सामग्री शिष्यास थोड्या दिवसांत अवगत होई. खरी अडचण पुढें होती. व्यवहारांतील गोष्ट ऐकून तिच्यांतील समीकरण ओळखावें कसें?

यासाठीं आचार्यांनीं घातलेलें एक उदाहरण पाहण्यासारखें आहे. एका मनुष्याजवळ ३०० रूपें आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, परंतु त्याला १०० रूपें ऋण आहे. घोड्यांची किंमत सारखी असून दोघांची संपत्तिही सारखीच आहे. तर एका घोड्याची किंमत काय? किंमत अज्ञात मानिली म्हणजे पहिल्याकडे सहा अज्ञातें व ३०० झालीं, दुसऱ्याकडे दहा अज्ञातें उणें १००. दोन्हीं बाजूंनीं सहा सहा घोडे काढून घेतले कीं चार घोड्यांची किंमत ४०० ठरते. म्हणजे एकाची १००.

येथें शिष्य निश्चिंत होऊन पाटी पुसूं लागेल, तोंच आचार्य अट बदलतात. घोडे तेच, रूपें तींच, ऋणही तेंच. मात्र पहिल्याच्या अर्ध्या संपत्तींत २ मिळविले असतां दुसऱ्याची संपत्ति होते. आतां किंमत ३६ येते. पुन्हां अट बदलते: पहिला दुसऱ्याच्या तिप्पट धनवान आहे. आतां उत्तर २५. गोष्ट एकच, उत्तरें तीन. पहिलें उत्तर घोकून ठेवणाऱ्यास दुसऱ्या प्रश्नांत कांहींच उपयोग नाहीं; ज्यानें दोन बाजू तोलून पाहिल्या, त्यालाच पुढचा मार्ग दिसतो. सराव या शब्दाचा हाच खरा अर्थ होय.

भुंग्यांचें उदाहरण याहून कठीण, पण अधिक रम्य आहे. एका थव्याच्या निमपटीचें वर्गमूळ जितकें, तितके भुंगे मालतीवर गेले. सर्व थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले. उरला एक कमळांत अडकलेला भुंगा आणि बाहेर त्याच्यासाठीं गुंजारव करणारी त्याची सहचरी. थवा केवढा? येथें थव्यालाच अज्ञात मानिलें तर वर्गमूळ आड येतें. परंतु थवा हा एका वर्गाची दुप्पट आहे असें मानिलें, तर निमपटीचें मूळ सहज सुटतें, साधें वर्गसमीकरण उरतें आणि मूळ ६, म्हणून थवा ७२ असें निघतें. ६ आणि ६४ मालतीवर, २ कमळापाशीं: ताळा जुळतो. अज्ञात काय मानावें, हा निवड करण्याचा अधिकार उदाहरणानें शिष्याकडे दिला. तो अधिकार वापरण्यास कोणतेंही सूत्र शिकवीत नाहीं. बीजगणित केवळ चिन्हांत नसून बुद्धि हेंच खरें बीज आहे, असा आचार्यांचा अभिप्राय होता तो यासाठींच.

ही बुद्धि जागी ठेवावयाची तर समोर विचारणारा गुरु हवा, चुकणारा शिष्य हवा आणि चूक सुधारण्यास वेळ हवा. चांगदेवानें मठ स्थापिला त्याचें मर्म येथें आहे. पुढें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें १५४५ मध्यें लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली आणि तींत रीतींच्या उपपत्ति दिल्या. फैजीनें १५८७ मध्यें लीलावती फारसींत नेली; कोलब्रूकनें १८१७ मध्यें दोन्ही ग्रंथ इंग्रजींत आणिले. ‘यावत्तावत्’ जाऊन शाळांत ‘क्ष’ आला. परंतु सहा घोडे, दहा घोडे आणि ती सहचरी यांना कोणीही हलविलें नाहीं. चिन्हें बदललीं, प्रश्न टिकले.

पाटणचा तो मठ आज नाहीं. लेखाचा शेवटचा भाग मात्र जुन्या मराठींत आहे, आणि त्यांत गांवच्या बाजारांतून मठास काय मिळावें हें नमूद केलें आहे. जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकाकडून थोडें तेल मठाकडे जावयाचें. ज्यांनीं तें तेल दिलें त्यांतील बहुतेकांनीं अज्ञात राशीचें नांवही ऐकलें नसेल. तरी कोणाच्या तरी मुलानें घोड्याची किंमत काढावी, आणि अट बदलली तरी गडबडूं नये, यासाठीं घाण्याघाण्यांतून तेल दिलें जात होतें.