ब्रिंक्स-मॅट : दरोड्यानंतरचा इतिहास

२६ नोव्हेंबर १९८३ रोजी सकाळी लंडनच्या हीथ्रो विमानतळालगतच्या औद्योगिक वसाहतीत, ब्रिंक्स-मॅट या मौल्यवान मालाची वाहतूक करणाऱ्या कंपनीच्या गोदामात सहा सशस्त्र दरोडेखोर शिरले. त्यांचा डोळा तिजोऱ्यांतील रोख रकमेवर होता. पहारेकऱ्यांच्या अंगावर पेट्रोल ओतून आणि काडी पेटवण्याची धमकी देऊनही त्या तिजोऱ्या काही उघडेनात. मात्र त्याच दालनात, जमिनीवर मांडून ठेवलेल्या ७६ खोक्यांत, जॉन्सन मॅथी बँकर्स या सराफी बँकेच्या मालकीच्या सोन्याच्या ६,८०० हून अधिक विटा त्यांच्या हाती लागल्या. सुमारे तीन टन वजनाचे, म्हणजे अडीच लाख तोळ्यांहून अधिक असलेले हे सोने, सोबतचे काही हिरे आणि रोकड मिळून लुटीची किंमत २ कोटी ६० लाख पौंडांच्या घरात गेली. तोपर्यंतच्या ब्रिटनच्या इतिहासात एवढी मोठी लूट झाली नव्हती.

दरोड्याचा तपास मात्र फार लांबला नाही. गोदामाच्या किल्ल्यांचा आणि पहाऱ्याचा तपशील दरोडेखोरांना आतूनच मिळाला असावा, हे उघड होते. शिवाय अँथनी ब्लॅक हा पहारेकरी नेमका त्या दिवशी कामावर उशिरा आला होता आणि त्याची बहीण ब्रायन रॉबिन्सन या पोलिसांना परिचित असलेल्या गुन्हेगाराबरोबर राहत होती. ब्लॅकने कबुली दिली, त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच्या साक्षीवर रॉबिन्सन व मिकी मॅकॅव्हॉय या दोघांना डिसेंबर १९८४ मध्ये प्रत्येकी २५ वर्षांचा तुरुंगवास ठोठावला गेला. ज्यांनी प्रत्यक्ष बंदूक रोखली त्यांपैकी दोन प्रमुख माणसे अशी वर्षभरातच गजाआड झाली, आणि तरीही सोन्याचा मागमूस लागला नव्हता.

दक्षिण लंडनमधील ज्या गुन्हेगारी वर्तुळातून ही टोळी आली होती, त्याला रोकड लुटण्याची सवय होती. १९६३ च्या प्रसिद्ध रेल्वे दरोड्यातील २६ लाख पौंड नोटांच्या रूपात होते, आणि नोट जशीच्या तशी खर्च करता येते. शुद्ध सोन्याच्या विटेवर क्रमांक आणि शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याची खूण असते. ती वितळवावी लागते, तिच्यात हीण मिसळून तिची शुद्धता मुद्दाम उतरवावी लागते, म्हणजे ती मोडीच्या दागिन्यांतून आलेली वाटते, आणि मग ती राजरोस बाजारात विकणारा व्यापारी शोधावा लागतो. यांपैकी एकही विद्या दरोडेखोरापाशी नव्हती. त्यामुळे मॅकॅव्हॉयने आपला वाटा विश्वासातल्या माणसांकडे सोपवला, त्यांनी केंट परगण्यातील केनेथ नॉय याला गाठले, आणि सोने ज्यांनी लुटले त्यांच्या हातून निसटून, ते खपवणे ज्यांना जमत होते त्यांच्या ताब्यात गेले. या प्रकरणाचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

नॉयने चॅनेल बेटांपैकी जर्सीतून आधी अकरा विटा रीतसर विकत घेतल्या. चोरीच्या सोन्यासह कोणी पकडला गेलाच, तर खरेदीची कागदपत्रे दाखवता यावीत, हा त्यामागचा हेतू असल्याचे मानले जाते. ब्रिस्टलमध्ये जॉन पामर आणि त्याच्या भागीदाराची स्कॅडलिन नावाची सोन्याची पेढी होती. वितळवलेले, तांबे मिसळलेले सोने या पेढीमार्फत राजरोस बाजारात विकले जाऊ लागले आणि तिच्या खात्यातून थोड्याच महिन्यांत १ कोटी पौंडांहून अधिक रोकड काढली गेली. बाथ शहराजवळच्या पामरच्या आवारात धगधगती मूस पाहून शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलेही होते, परंतु ती जागा आपल्या हद्दीबाहेर असल्याचे सांगून पोलीस परत गेले आणि पुढे बरेच महिने काहीच घडले नाही. हद्दीचा हा वाद मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

जानेवारी १९८५ मध्ये नॉयच्या बागेत लपून पाळत ठेवणारा जॉन फोर्डम हा पोलीस नॉयच्या सुऱ्याच्या वारांनी मरण पावला. नॉयने स्वसंरक्षणाचा दावा केला आणि ज्यूरीने तो मान्य केला. मात्र घरझडतीत सापडलेल्या चोरीच्या सोन्याच्या अकरा विटा आणि इतर पुराव्यांच्या आधारे, चोरीचे सोने हाताळण्याच्या कटाबद्दल १९८६ मध्ये त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. पामरने सोने चोरीचे असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते असे सांगितले आणि १९८७ मध्ये तो निर्दोष सुटला.

सोन्याचे पैसे झाल्यावर आणखी एका वर्गाची गरज पडली. मायकेल रेल्टन या वकिलाच्या मदतीने ही रक्कम स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइनमधील खात्यांतून फिरवून लंडनच्या गोदी भागातील जमिनींत गुंतवली गेली. बंद पडलेल्या गोद्यांच्या पुनर्विकासाला सरकार तेव्हा चालना देत होते आणि तेथील भाव चढत होते, त्यामुळे लुटीचा पैसा लपता लपता वाढतही गेला. रेल्टनला १९८८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली, परंतु बंदूक न धरणाऱ्या अशा माणसांवाचून मोठी लूट पचत नाही, हे गुन्हेगारी जगताच्या ध्यानी आले होते.

पुढील काळात या प्रकरणाशी जोडले गेलेले अनेक जण गोळीबारात मारले गेले: रेल्वे दरोड्यातील चार्ली विल्सन १९९० मध्ये स्पेनमध्ये, मॅकॅव्हॉयचा विश्वासू ब्रायन पेरी २००१ मध्ये लंडनमध्ये, आणि पामर २०१५ मध्ये एसेक्समधील आपल्या घराच्या बागेत. वृत्तपत्रांनी याला सोन्याचा शाप म्हटले. या स्पष्टीकरणात रंजकता अधिक आणि अर्थ कमी आहे. ज्या व्यवहाराचा कागद नसतो आणि ज्याच्या वसुलीसाठी न्यायालयात जाता येत नाही, त्यात बुडालेल्या पैशाचा हिशेब बंदुकीने होणे स्वाभाविक होते, शिवाय यांतील काहींचे इतर गुन्ह्यांतील वैरही तितकेच जुने होते.

लुटीतील बहुतांश सोने कधीच परत मिळाले नाही. तुरुंगात असताना मॅकॅव्हॉयने आपला वाटा परत करून शिक्षा कमी करवून घेण्याची तयारी दाखवली होती, परंतु तोपर्यंत त्याच्या माणसांकडे परत करण्यासारखे काही उरले नव्हते. १९९५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने, तो अजून शिक्षा भोगत असतानाच, २ कोटी ७० लाख पौंडांहून अधिक रकमेची भरपाई करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली.