फोटोच्या कागदाचा हिशेब

फोटो घरच्या प्रिंटरवर काढणं स्वस्त की डार्करूममध्ये? वाद जुना आहे. दोन्हीकडचे लोक कागदाच्या पाकिटावरची किंमत दाखवतात आणि आपलंच खरं म्हणतात. पण जरा मागे जाऊन पाहिलं तर दिसतं, की हा खर्च कधी संपला नाही, फक्त जागा बदलत आला.

फॉक्स टालबॉटने १८३० च्या दशकात साध्या लिहायच्या कागदाला मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावून चित्र उमटवलं. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थाने अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद आणला. आपल्या लाला दीनदयाळांची संस्थानिकांची चित्रं याच कागदावरची. छापायला ऊन लागे, म्हणजे तेव्हा महाग होता तो वेळ! लिओ बेकलंडच्या 'वेलॉक्स' कागदाने तो वाचवला, कारण दिव्याच्या उजेडातही छाप निघू लागला. १८९९ मध्ये ईस्टमनने हा धंदा विकत घेतला. (हाच बेकलंड पुढे बॅकेलाइटमुळे प्रसिद्ध झाला.)

मग पाळी चांदीची. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या घरात गेली. साहजिकच फोटोचा कागदही महागला. शिवाय पाणी. प्लॅस्टिकचा थर असलेला आरसी कागद हायपोतून काढल्यावर दोन-चार मिनिटांत धुऊन होतो. जुन्या पद्धतीच्या फायबर कागदाला वाहत्या पाण्याखाली तासभर ठेवावं लागतं. तो खर्च पाकिटावर लिहिलेला नसतो.

डिजिटलची सुरुवात तरी कुठे स्वस्तात झाली? गायक ग्रॅहम नॅशने फोटो छापण्यासाठी घेतलेलं आयरिस यंत्र १,२६,००० डॉलरचं होतं. १९९१ मध्ये त्याने त्यावर छपाईचा स्टुडिओच काढला. पण त्या शाईचे रंग काही वर्षांत उडू लागले. २००० च्या सुमारास रंगद्रव्याच्या, म्हणजे पिगमेंट शाईचे घरगुती प्रिंटर आले, तेव्हा कुठे टिकाऊपणाची भाषा सुरू झाली. २००४ मध्ये इल्फर्ड आर्थिक संकटात सापडली आणि नव्या व्यवस्थापनाखाली तगली. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि गंमत बघा, आज उत्तम डिजिटल छापासाठी लोक घेतात तो हानेम्यूलेसारख्या, १५८४ पासून चालणाऱ्या गिरणीचा सुती कागद. टालबॉटच्या काळचा चांगला कागदही चिंध्यांपासूनच होत असे!

तर मग स्वस्त काय? माझ्या मते प्रश्न वर्षाला किती फोटो छापता हा आहे. डार्करूममध्ये एन्लार्जर सहा महिने झाकून ठेवला तरी बिघडत नाही. फार तर उघडलेली डेव्हलपरची बाटली वाया जाते. प्रिंटर मात्र पडून राहिला की नोझलमध्ये शाई सुकते, आणि ती साफ करायला पुन्हा शाईच खर्ची पडते. म्हणजे महिन्याला दोन फोटो काढणारा माणूस सर्वांत महाग फोटो काढतो.

आणि जो मुळीच छापत नाही, त्याचा खर्च? तो आज दिसत नाही. नातवंडं जुना फोटो मागतील तेव्हा दिसेल.