बंद पडलेली जुनी लूना घरच्या घरी, कमी खर्चात पुन्हा कशी सुरू करायची?

गावच्या घराच्या पडवीत, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली अजूनही लूना सापडते. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, पॅडल जाम. बघणारा म्हणतो, "भंगारात घाल." पण ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, बॅटरीवर अवलंबून असलेलं काही नाही. घरी शिकून दुरुस्त करायला यापेक्षा सोपी गाडी मिळणं कठीण.

थोडी ओळख. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पिआजिओच्या 'चाओ' मोपेडवरून लूना बाजारात आणली. पुढे सुपर, टीएफआर, डबल प्लस, मॅग्नम अशी मॉडेलं आली आणि त्यांचे सगळेच भाग एकमेकांना चालत नाहीत. त्यामुळे दुकानात जाताना जुना भाग हातात घेऊन जा. ऑनलाइन शोधताना आणखी एक घोळ होतो: २०२४ मध्ये लूना हे नाव इलेक्ट्रिक गाडीवर परत आलं आहे. तिचा आणि आपल्या गाडीचा नावापलीकडे संबंध नाही.

पाना हातात घेण्याआधी कागद

हे कंटाळवाणं आहे, पण बजेट इथेच ठरतं. आरसी बुक आहे का? कोणाच्या नावावर आहे? मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण होतं. त्याची फी आणि ग्रीन टॅक्स बदलत असतात, म्हणून आरटीओत आधी विचारून आकडा लिहून ठेवा. चासी नंबर गंजाने वाचता येत नसेल तर तो भाग हलक्या हाताने, रॉकेलच्या फडक्याने पुसा. तिथे ग्राइंडर लावू नका. नंबर पुसट झाला तर तपासणीत गाडी अडकेल.

५० वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणी आहे. ऐकायला छान वाटतं, पण पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. दूध आणायला लूना वापरायची असेल तर नेहमीचं नूतनीकरणच बरं. आणि कागद काही केल्या होणार नसतील तर ती अंगणातली शोभेची वस्तू, हे मान्य करून मगच खर्च करा.

इंजिन फिरतंय का?

पॅडलवर उभं राहून जोर लावू नका. आधी प्लग काढा आणि मॅग्नेट हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरल्या असण्याची शक्यता जास्त. प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि टूटी ऑइल एकत्र करून ओता, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, मग मॅग्नेट थोडं पुढे, थोडं मागे असं हलवा. बहुतेक वेळा सुटतं. घाई करून हातोडा मारला की पिस्टन फुटतो आणि खर्च एकदम वाढतो. सुटल्यावरही हेड आणि सिलिंडर काढून आत एकदा बघाच. सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागणारे ओरखडे असतील तर बोअरिंग आलं. नुसते डाग असतील तर नव्या रिंगांवर भागतं.

आता या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त विसरला जाणारा भाग: क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं, म्हणजे क्रँककेस हवाबंद असावी लागते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीतले रबरी सील कडक होतात आणि तिथून बाहेरची हवा आत शिरते. इंजिन सुरू तर होतं, उलट आधी जरा जास्तच जोरात पळतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही. लोक खूश होतात. प्रत्यक्षात हवा वाढली म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पडलं. या इंजिनाला वंगण मिळण्याचा दुसरा रस्ताच नाही. काही किलोमीटरांत पिस्टन सीझ. म्हणून सील स्वस्तातले असोत, जुने ठेवू नका. मॅग्नेट काढायला पुलर लागतो, तो एखाद्या जुन्या मेकॅनिककडून तासाभरासाठी मागून आणा. कडेने स्क्रू ड्रायव्हर घालून मॅग्नेट उचकटलं तर क्रँकचं टोक वाकतं.

ठिणगी

मॅग्नेट निघालंच आहे तर पॉइंटही बघून घ्या. बंद गाडीत ठिणगी नसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पॉइंटवर चढलेली काजळी. बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा फिरवा, मग पेट्रोलने ओलं केलेलं स्वच्छ कापड. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिमी हवी. फिलर गेज घ्या, अंदाजाने करू नका, कारण फट बदलली की टायमिंगही बदलतं. साफ करूनही पॉइंटवरच निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला आहे.

दिवे ६ व्होल्टचे आहेत आणि मॅग्नेटच्या करंटवरच चालतात. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीचा करंट पुढच्यावर येतो आणि तोही उडतो. वायरिंगला दोष देण्याआधी बल्ब तपासा.

टाकी, कार्ब्युरेटर आणि आजचं पेट्रोल

टाकीत गंज असेल तर टाकी सोडवून पांढऱ्या व्हिनेगरने भरा, मूठभर नट-बोल्ट टाकून हलवा आणि एक दिवस ठेवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि लगेच ऑइल मिसळलेलं पेट्रोल आत फिरवा. हे राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत तांबूस थर येतो. पेट्रोलच्या कामाला घराबाहेर बसा. गॅसची शेगडी किंवा देवघरातलं निरांजन जवळ नको.

कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये सुई किंवा तार घालू नका, भोक मोठं होतं. भिजवून हवा मारली की पुरतं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्या काळचं रबर मऊ करतं. म्हणून नळी नवी टाका, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या.

ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच ठेवा. हिशोब सोपा आहे: १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. "जास्त टाकलं तर बरं" हे चूक. प्लग काळा होतो, सायलेन्सर तुंबतो.

सायलेन्सरवरून आठवलं. सुरू होते, पण सायकलच्या पुढे जात नाही, असं झालं तर कार्ब्युरेटर परत उघडण्याआधी सायलेन्सर काढून बघा. कार्बनने जवळजवळ बंद झालेला असतो. पिस्टन खाली आणून सिलिंडरचं एक्झॉस्टचं भोकही लाकडी काडीने खरवडा. लोखंडी पट्टी नको.

थांबण्याची सोय

इंजिनाच्या आनंदात हे मागे पडतं. ब्रेकची केबल आतून गंजलेली असते, ती नवीच घ्या. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. टायरच्या बाजूला तारखेचा कोड असतो. तो तीन आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे. नक्षी कितीही चांगली दिसो, तो टायर टाकायचा.

सुटे भाग पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधता येतात. तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं स्पेअरचं दुकान त्याहून उपयोगी पडतं, तिथे न खपलेला माल अजून खोक्यात असतो.

रंग सगळ्यात शेवटी. किंवा नकोच. पूर्ण रंग आणि क्रोम करायला घेतलं तर वरच्या सगळ्या कामांपेक्षा तेच महाग पडू शकतं. गंज पुसून, पातळ ऑइलचा हात फिरवून जुना रंग तसाच ठेवलेली लूना मला तरी जास्त आवडते. पहिले काही दिवस मात्र घराजवळच, निम्म्या अ‍ॅक्सिलरेटरवर चालवा आणि दर फेरीनंतर प्लग काढून बघा. कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर गाडी तिथेच थांबवा आणि ऑइल सीलपासून पुन्हा तपासा.