दात आलाच नाही

१. ‘दात आलाच नाही’ : कायमचा दात मुळातच नसण्याचा दोष पाण्याला देऊ नये. अशा वेळी दाताचा अंकुरच जबड्यात धरलेला नसतो. कारण बहुधा आनुवंशिक असते. एमएसएक्स १ व पॅक्स ९ ही जनुके त्याच्याशी संबंधित आहेत. अक्कलदाढा वगळता खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा पटाशीचा दात हे सर्वाधिक वेळा गैरहजर आढळतात. तारा लावण्यापूर्वी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, त्यात हे कळते. मोकळी जागा दात सरकवून मिटवता येते, किंवा राखून ठेवून वाढ पूर्ण झाल्यावर तिथे इम्प्लांट बसवतात. तोवर भक्कम असलेला दुधाचा दात पालकांनी घाईने काढायला लावू नये.